शाळेचं आवतण

"शाळेला चल" असं आमची आवतणआत्या कधीच म्हणाली नाही. ऊन ओसरीत उतरायच्या आत ती आमच्या दारात उभी असायची. डाव्या हातात कुंकवाचा करंडा, पदर कमरेला खोचलेला, आणि लग्नाला बोलवावं तसा लांब सूर: "सरूबाईऽ, शाळंचं आवतान हाय बरं का! समद्यांनी यायचं. मागनं निरोप पोचला न्हाय म्हनायचं न्हाय!" मग पुढे होऊन माझ्या कपाळाला कुंकू, आईच्या कपाळाला कुंकू, आणि उत्तराची वाट न बघता शेजारच्या दाराला. रविवार सोडला तर रोज. आई चुलीपुढून उठता उठता म्हणायची, "आली बया! रोजचं लगीन झालंय हिला." पण कपाळ मात्र पुढे करायची.

आमच्याकडे आवतण मोडत नाहीत. भावाभावांचं बांधावरून डोकं फुटलेलं असो, आवतण आलं की घरातलं एक माणूस तरी जायचंच. त्यातून कुंकू लावून घेतलं म्हणजे तर संपलंच. मेथी खुडायची राहिलेली असायची, शेण लोटायचं असायचं, तरी आई मला दाराबाहेर ढकलायची. "जा बाई, कपाळ भरलंय तुझं. आता न्हाय गेलीस तर लोकं मला खायला उठतील." पुढे मी जन्मभर मास्तरकी केली. सक्तीच्या शिक्षणावर भाषणं ऐकली, दोन-चार केलीही. पण आत्याच्या कुंकवाच्या बोटाइतकी सक्ती मी दुसरी पाहिली नाही. तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असं कितीदा मनात आलं आणि तितक्यांदा मी टाळलं. तिचं नाव काढलं की मला अजून खाली मान घालावीशी वाटते.

आमचं गाव बारामतीहून इंदापूरकडे जाताना, सणसरच्या अलीकडे, कालव्याच्या खालच्या अंगाला. कालव्याचं पाणी आल्यापासून गावाला मेथी, वांगी, घेवडा, थोडा ऊस यांच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. मुलांची शाळा होती. मग तीसच्या सालांत कधीतरी लोकल बोर्डाच्या मनात आलं की मुलींचीही काढावी. मारुतीच्या देवळाशेजारची धर्मशाळा सारवली, दारावर पाटी लागली आणि पुण्याहून एक बाई आल्या. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, बोलणं हळू. पोरी काही आल्या नाहीत. बाई दारोदार हिंडल्या. बायका आतूनच सांगायच्या, घरात कुणी नाही म्हणून!

शेवटी बाई चावडीवर गेल्या. तिथे पाटील पान लावत बसले होते. ते म्हणाले, "आवतान न्हाय, धाडनं न्हाय, आमच्या पोरी काय वाटंवर पडल्यात व्हय बाई, अशाच यायला?" हा शुद्ध टोमणा होता. चावडी खो खो हसली. बाई मात्र पुण्याच्या, त्यांना तो सल्ला वाटला. "आवतण कोण देतं इथे?" त्यांनी सरळ विचारलं, आणि तिथून उठून त्या थेट न्हाव्याच्या घरी गेल्या. टोमणा कळला नाही म्हणून आमची शाळा उभी राहिली, असं मी पुढे बाईंनाही सांगितलं. त्या खूप हसल्या.

हळदीचं, बारशाचं, लग्नाचं आवतण द्यायला आमच्या गावात न्हाव्याची बायको फिरे, तीच ही आत्या. आत्याचा नवरा घरजावई, म्हणजे ती गावचीच लेक, म्हणून साऱ्या पोरांची आत्या. तिला कुठलं दार बंद नव्हतं. सासूसुनांची भांडणं तिच्यासमोर चालू राहत, ती दोघींनाही कुंकू लावून पुढे जाई. बाईंनी तिला विचारलं, तेव्हा तिनं एकच प्रश्न केला म्हणे, "किती दिस द्यायचं आवतान?" बाई म्हणाल्या, "रोज." आत्या म्हणाली, "मंग कुंकू जास्तीचं लागंल."

तिचं वादविवादाचं एक शास्त्र होतं. पोरीला शिकवून काय उजेड पडणार, असं कुणी म्हटलं की ती कधी शिक्षणाची थोरवी सांगत बसली नाही. सांगणार काय, तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. ती आमच्या भाषेत बोलायची. माझ्या वडिलांना, तात्यांना, ती एकदा म्हणाली, "तात्या, मेथी आज इकली तर पैसा, उद्या गुरांम्होरं. व्हय का न्हाय? पोरीचं शिक्षान तसंच हाय. आज न्हाय तर कवाच न्हाय." तात्या बारामतीच्या बाजाराला निघाले होते, गाडीत जुड्या रचत होते. त्यांनी हातातली जुडी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "न्या बाई, ह्या जुडीला न्या आधी." त्या दिवसापासून माझ्या शाळेला घरातून विरोध झाला नाही. त्यातून मी काळी आणि तोंडाळ, स्थळं काही दाराशी ताटकळत नव्हती.

आवतणानं पोरी आल्या, पण एकेकीच्या कडेवर धाकटं भावंड आलं. घरातली आई शेतात, मग बारकं सांभाळणार कोण? थोरली. माझ्या कडेवर बाळू होता, नाक सदा वाहतं. वर्गात एक रडायचं, दुसरं पाटीवर मुतायचं, तिसरं खडू खायचं. बाई पाढे म्हणायच्या आणि आम्ही थोपटायच्या तालावर ते म्हणायचो. अशात दिपोटी आले. शाळा तपासणाऱ्या साहेबाला आम्ही दिपोटी म्हणायचो. ते दारातच थबकले आणि म्हणाले, "बाई, ही शाळा आहे की बारसं?"

जाताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पुढच्या भेटीला वर्गात कडेवरचं मूल दिसता कामा नये, ही एक. दुसरी अशी की मंदीमुळे बोर्डाचा हात आखडला आहे, जिथे हजेरी पातळ तिथली शाळा मोडायचं वर ठरलं आहे, तेव्हा हजेरी सांभाळा. आता बघा गंमत! बारकी बंद केली तर थोरल्या येणार नाहीत, थोरल्या आल्या नाहीत तर शाळा जाणार. बाई दोन दिवस जेवल्या नाहीत. गावाला काही फार वाईट वाटलं नसतं. शाळा आली तशी गेली असती.

आत्याला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "त्यात काय! बारकी माझ्या ठकूजवळ द्या."

ठकू तिची एकुलती लेक. माझ्याच वयाची, आमच्या दोघींचं बारसं एकाच महिन्यात झालेलं. मोठे डोळे, बोलणं कमी, कंबर मात्र लोखंडाची. धर्मशाळेच्या मागे चिंच होती. तिच्या फांद्यांना आत्यानं झोळ्या बांधल्या आणि दुसऱ्या दिवसापासून गावातली सगळी बारकी ठकूच्या हवाली झाली. कुणाला कशानं झोप येते, कुणाला मुंगी चावली की नुसतं भूक लागलीय, हे तिला रडण्यावरून कळायचं. बाळू माझ्या हातून घास घ्यायचा नाही, तिच्या हातून गपागपा खायचा. आम्ही हलक्या कडेनं वर्गात जाऊन बसलो. मला आठवतं, पहिल्या दिवशी माझा हात सारखा कमरेकडे जात होता.

भिंतीआडून ऐकून ऐकून ठकू शिकली, असं काही झालं नाही. अशा गोष्टी लोकांना सांगायला फार आवडतात. डझनभर पोरं गळा काढत असताना भिंतीआडून काय कपाळ ऐकू येणार? मी चौथीचं पुस्तक वाचत होते तेव्हा ठकूला 'ग' येत नव्हता. एकदा मधल्या सुट्टीत तिनं मला दारावरची पाटी दाखवली. "सरे, काय लिवलंय गं तितं?" मी ऐटीत वाचून दाखवलं, "मुलींची शाळा." ती कडेवरचं पोर सावरत हसली. "मंग मी काय मुलगा हाय व्हय?" मीही हसले. फार विनोदी वाटलं होतं ते मला तेव्हा. घरी येऊन आईलाही सांगितलं.

बाईंना ते सलत होतं. त्या आत्याला अधूनमधून विचारायच्या, "आत्या, ठकूचं काय?" आत्याचं उत्तर ठरलेलं. "लग्नघरची मानसं पैल्या पंगतीला बसत्यात व्हय, बाई? आदी गाव जेवू द्या. बारकी चालती झाली की पुढल्या साली घालू." बारकी चालती व्हायची, पण तोवर नवी यायची. गावात पोरं व्हायची थोडीच थांबणार! पुढलं साल तसंच पुढे पुढे सरकत राहिलं.

मग बाईंनी एक युक्ती काढली. पाळी लावायची. पाळी म्हणजे काय हे आम्हाला शिकवायला नको होतं; कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या पोरी आम्ही. आज वरच्या वावराला पाणी, उद्या खालच्या, पाटकरी येऊन सांगेल तसं. कुणी दुसऱ्याच्या पाटाचं दार फोडलं तर कुऱ्हाडी निघायच्या. तशीच झोळ्यांची पाळी. रोज एकीनं चिंचेखाली बसायचं, बाकीच्यांनी वर्गात, आणि ठकूही वर्गात. बाईंनी हे सांगितलं तेव्हा आत्या दारात उभी होती. तिनं आत पाऊल टाकलं नाही, ती कधीच टाकायची नाही. पण पदराचं टोक तोंडाला लावून उभी राहिली.

ठकू माझ्याशेजारी बसली. तिच्या लुगड्याला दुधाचा वास यायचा. बाईंनी तिला आधी तिच्या नावातला 'ठ' काढून दिला. तो गोल गिरवून तिनं मला कोपरानं ढोसलं. "सरे, ह्यो तर भाकरीच हाय की!" सगळा वर्ग हसला आणि ती सगळ्यांत जास्त हसली. पाटीभर तिनं भाकऱ्या थापल्या. मागे चिंचेखाली पोर रडलं की तिचा हात थांबायचा, मान वळायची, बाई म्हणायच्या, "ठकू, इकडे." मग ती पुन्हा गिरवायला लागायची, जीभ बाहेर काढून.

थोडेच दिवस चाललं ते. आधी एका पोरीला पाळीच्या दिवशी ताप आला. मग दुसरीच्या घरी पाहुणे आले. बाळू कुणालातरी चावला, कुणीतरी चिंचेवरून पडता पडता राहिलं. मग बायका बोलायला लागल्या आणि सगळ्यांत आधी बोलली माझी आई. आत्या नेहमीसारखी दारात आली, मला कुंकू लावलं, आईला लावलं, आणि ते कुंकू ओलं असतानाच आई म्हणाली, "आत्याबाई, आमची पोरगी तुमी शिकायला आवतान देऊन न्हेलीसा. लोकांची शेंबडी पोरं राखायला न्हाय. तुमची ठकू हुती ती बरी हुती की." दुसऱ्या दिवशी माझी पाळी होती. मी आईच्या मागे उभी होते आणि मला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. आत्यानं आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग नेहमीच्या सुरात शेजारच्या दाराला जाऊन म्हणाली, "शाळंचं आवतान हायऽ!"

हजेरी उतरू लागली. जिची पाळी ती येईना, आणि तिच्या मैत्रिणीही येईनात. दिपोटींची फेरी जवळ आली होती. शेजारच्या गावची मुलींची शाळा तोवर मोडलीही होती. तिथल्या बाई आमच्या बाईंकडे येऊन रडून गेल्या. एका सकाळी वर्गात आम्ही मोजक्याच होतो. चिंचेखाली कुणीच नव्हतं, म्हणून बारकी पुन्हा वर्गात शिरली होती. तेवढ्यात आत्या आली, आणि तिनं पहिल्यांदाच उंबरा ओलांडला. थेट आमच्या ओळीत येऊन ती ठकूपाशी उभी राहिली. "ऊठ गं," म्हणाली.

बाई खुर्चीवरून उठल्या. "आत्या, असं करू नका. मी दिपोटींना सांगते सगळं."

"काय सांगनार, बाई? एका पोरीपायी समद्या पोरींची शाळा बुडवायची?"

"पण तिनंच का?"

आत्याचा आवाज फुटला. "ती माझी हाय म्हनून. माझी हाय म्हनून तर मला उठवता येतीया. दुसऱ्याच्या पोरीला मी उठवलं असतं व्हय?"

ठकूनं पाटीवर थुंकी लावली, हाताच्या पालथ्या बाजूनं 'ठ' पुसला आणि पाटी माझ्या मांडीवर ठेवली. मग बाळूला उचललं, दुसऱ्या हातानं आणखी एक उचललं आणि बाहेर गेली. बाकीची बारकी आपणहून तिच्यामागे गेली. कुणी उठलं नाही. मी नाही, दुसरी कुणी नाही. बाईसुद्धा खाली बसल्या. जरा वेळानं त्यांनी धडा काढायला सांगितला, आम्ही तो काढला, आणि तो धडा मी फार चांगला वाचला असं बाई म्हणाल्या.

दिपोटी आले तेव्हा वर्ग गच्च भरला होता. त्यांनी कविता म्हणवून घेतल्या, हिशेब घातले, मला शाबासकी दिली. खेड्यातल्या शाळेत इतकी हजेरी त्यांनी पाहिली नव्हती. आवतणाची हकिगत ऐकून तर ते इतके खूश झाले की इंदापूरकडच्या इतर गावांनीही अशी आवतण देणारी बाई नेमावी असं त्यांनी वर कळवलं, आणि पुढे ठिकठिकाणी नेमल्याही गेल्या. मागच्या अंगाला फिरताना त्यांना चिंचेखाली ठकू दिसली. एकाला मांडीवर घेऊन दुसऱ्याची झोळी ती पायानं हलवत होती. "मुलगी फार कामाची दिसते," साहेब म्हणाले. आत्या म्हणाली, "व्हय सायेब." बाईंनी तोंड फिरवलं.

चौदाच्या आत लग्न नको असा कायदा झालेला होता, म्हणून ठकू तेवढी थांबली. मग तिला निरवांगीला दिली. लेकीच्या लग्नाचं आवतण आईनं कसं फिरवायचं? तेव्हा शाळेतल्या आम्ही पोरीच करंडा घेऊन दारोदार गेलो. आत्या घरात बसून होती, आणि आमचा सूर चुकला की आतून ओरडून दुरुस्त करत होती. गाडी निघाली तेव्हा ठकूची आई रडली त्याहून जास्त गावातली बारकी रडली. माझा बाळू कालव्याच्या पुलापर्यंत गाडीमागे पळाला. त्यानंतर लहान्यांसाठी वेगळा वर्ग आणि एक बाई द्या म्हणून बाई बोर्डाशी भांडल्या, आणि वर्षाच्या आत तो वर्ग मिळालाही. सुधारणा ही अशीच असते मेली, कुणाचं तरी लग्न होऊन गेल्यावर येते.

बाईंनी मला पुढचं शिकवून बारामतीला सातवीच्या, म्हणजे फायनलच्या परीक्षेला बसवलं. पास झाले. गावातली मी पहिली मुलगी. मग पुण्याला मास्तरणींच्या ट्रेनिंग कॉलेजात नाव लागलं. निघायच्या दिवशी तात्या आणि आत्या मला बारामतीच्या स्टेशनावर पोचवायला आले. तिथून छोट्या गाडीनं दौंड, आणि दौंडहून पुणं. तात्या तिकीट काढायला गेले. आत्यानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मी म्हटलं, "आत्या, तुम्ही आवतण दिलं नसतं तर मी आज मेथी खुडत असते."

ती करंड्याचं झाकण लावत होती. ते काही केल्या बसेना. "सरूबाई," ती म्हणाली, "साऱ्या गावाच्या दारात गेले. माझ्या दारात जायाचं तेवढं राह्यलं."

"असं काय बोलता आत्या! तुम्ही शाळा वाचवलीत."

"व्हय, वाचवली. त्ये समदी म्हनत्यात. दिपोटी म्हनलं, बाई म्हनत्यात, तुजं तात्या म्हनत्यात. ठकू काय म्हनती त्ये मी कवा ईचारलं न्हाय. भ्या वाटतं." गाडीची शिट्टी झाली. मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिनं पाय मागे घेतले. "मला नगं. जा, गाडी सुटंल." गाडी हलल्यावर मी खिडकीतून पाहिलं, तात्या हात हलवत होते, ती पाठ करून उभी होती.

मी पुण्यात असतानाच आत्या गेली. तिच्या छातीत दुखणं होतं म्हणे, अखेरीला ठकू तिला निरवांगीला घेऊन गेली होती. मला कळलं तेव्हा दिवसही होऊन गेले होते. ट्रेनिंग संपलं आणि माझी नेमणूक नेमकी निरवांगीच्या जवळच्याच एका शाळेवर झाली. रुजू झाले त्याच रविवारी मी चालत ठकूकडे गेले. वाटेत मी मनाशी सगळं जुळवलं होतं. मोठ्या माणसांना अक्षर शिकवायची नवी टूम तेव्हा सरकारनं काढली होती. रविवारी येऊन ठकूला शिकवायचं, वर्षात तिला वाचता करायची. आपल्या अंगावरचं ओझं असं हप्त्यानं उतरेल, असं मला वाटत होतं. शिकलेल्या माणसाला असलं फार लवकर वाटतं.

ठकू अंगणात कांदे निवडत बसली होती. झोळीत तिचं पोर निजलेलं. मला बघून ती धडपडत उठली, पदर सारखा केला, आणि म्हणाली, "या, बाई. बसा." बाई! मी म्हटलं, "अगं, मी सरू." ती म्हणाली, "वळखलं की. आता तुमी मास्तरीणबाई." तिनं गूळपाणी आणलं. बाळू कसा आहे, अजून दाताड पुढे आहे का, गोष्ट सांगितल्याशिवाय निजतो का, हे तिनं विचारलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, आता मोठा झालाय, मुलांच्या शाळेत जातो. "हुशार हाय का?" "बरा आहे." ती मान हलवून म्हणाली, "हुशार असनार. लई येगळं रडायचा."

मग मी माझा बेत सांगितला. पाटी आणली होती, तीही पिशवीतून काढली. ठकूनं पाटीकडे बघितलं आणि हात कांद्यांकडे नेला.

"आयनंबी शेवटाला ह्येच काढलं," ती म्हणाली. "हितंच हुती, ह्या भिंतीला टेकून. धाप लागायची. म्हनली, ठके, तुला बसू द्यायला पायजे हुतं. सारखं तेच. पानी दिलं तरी तेच. मंग म्या म्हनलं, आय, मला कुठं हौस हुती गं शाळंची? मला तर पोरांतच बरं वाटायचं. पाटी बगितली की झोप यायची. तवा कुठं तिचा जीव थंड झाला. म्हनली, खरं सांगतीस? म्या म्हनलं, तुजी आन. मंग निजली. पहाटं गेली."

माझ्या छातीवरचं काहीतरी खाली उतरलं. लाज वाटते लिहायला, पण उतरलं. कितीतरी वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. तरी खात्री करून घ्यायचा मास्तरी हट्ट सुटेना. "हो" म्हण, एवढं एकदा "हो" म्हण, असं मनात घोकत मी विचारलं, "म्हणजे ठकू, खरंच हौस नव्हती तुला?"

तिनं कांदे निवडायचे थांबवले. माझ्याकडे नीट बघितलं. मी आल्यापासून पहिल्यांदाच.

"हुती की," ती म्हणाली. "लई हुती. पर मरत्या मानसाला कसं सांगू? तू जिती हाईस, सरे. तुला सोसंल."